स्वसंरक्षण: बळ कधी वापरावे, किती वापरावे आणि हात कुठे आवरावा

अंगावर धावून आलेल्या माणसाला रोखण्यासाठी हात उचलणे हा भारतीय कायद्यात गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खासगी बचावाच्या हक्काविषयीची जुनी ९६ ते १०६ ही कलमे नव्या संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली. क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. म्हणून एखाद्या जुन्या वकिलाच्या तोंडी अजून ‘कलम १००’ आले, तर ते आजचे कलम ३८ समजावे. पुढील विवेचन सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सामान्य माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. रात्रपाळी संपवून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सायकलवर घरी निघालेला यंत्रमाग कामगार, कारखान्यात विड्या देऊन कुंभारीच्या घरकुलाकडे परतणारी स्त्री, मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडे बांधाच्या वादात अडकलेला शेतकरी, या सर्वांना हा हक्क सारखाच आहे आणि त्याच्या मर्यादाही सारख्याच आहेत.

स्वतःचा बचाव करणारा माणूस सहसा पहिल्या फटक्यामुळे कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही. तो फटका भीतीपोटी बसलेला असतो आणि न्यायालयाला ते समजते. समोरचा खाली पडल्यावर, पाठ फिरवून पळू लागल्यावर किंवा त्याच्या हातातले हत्यार गळून पडल्यावर जे फटके बसतात, त्यांचे उत्तर मात्र देता येत नाही. म्हणून ‘मारावे की नाही’ या प्रश्नाइतकाच ‘थांबावे कधी’ या प्रश्नाचाही आधीपासून विचार झालेला असावा. प्रत्यक्ष प्रसंगात विचाराला सवड मिळत नाही.

पहिला प्रश्न: धोका आत्ता, या क्षणी आहे का?

कलम ४० नुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो. प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावे लागत नाही. कोयता उगारून कोणी चार पावलांवर आला असेल, तर तो खाली येईपर्यंत वाट पाहण्याची अपेक्षा कायदा करत नाही. देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हेच स्पष्ट केले. आरोपीच्या डोक्यावर लाठी बसली होती आणि त्याने भाल्याने उत्तर दिले होते. लाठीला भाल्याने उत्तर देणे हे हक्काचे उल्लंघन आहे, असे उच्च न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले, कारण डोके हा नाजूक अवयव आहे आणि त्यावर बसलेली लाठीही जीव घेऊ शकते.

भीती वाजवी हवी, म्हणजे त्याच जागी आणि त्याच परिस्थितीत असलेल्या एखाद्या सर्वसाधारण माणसालाही ती वाटली असती, अशी हवी. नुसत्या शिवीगाळीने हा हक्क मिळत नाही. शिवी कितीही झोंबली, आईबहिणीवरून असली, तरी तिचे उत्तर काठीने देणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने हल्लेखोर ठरतो. ‘उद्या सात रस्त्यावर ये, बघतो तुला’ ही धमकीसुद्धा आजचा धोका नाही. पोलिसांकडे जाण्यास वेळ आहे अशा प्रसंगी हा हक्क राहत नाही, असे कलम ३७ सांगते. दुसऱ्या दिवशी चार मित्र आणि दोन रॉड घेऊन त्या चौकात जाणारा माणूस बचावाला गेला नव्हता, भांडणाला गेला होता, असाच निष्कर्ष निघतो. अशा वेळी ठाण्यात जाऊन निदान अदखलपात्र नोंद करून घ्यावी. ‘एनसीने काय होतंय’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु पुढे खरोखरच हल्ला झाला, तर भीती काल्पनिक नव्हती हे दाखवणारा पहिला कागद तोच असतो.

दुसरा प्रश्न: सुरुवात कोणी केली?

ज्याने आधी हल्ला केला त्याला स्वसंरक्षणाचा आधार सहसा मिळत नाही, कारण समोरचा जे करत आहे तो त्याचा कायदेशीर बचाव असतो आणि बचावाविरुद्ध बचावाचा हक्क नसतो. हे वाचताना सोपे वाटते. बांधावरच्या भांडणात ते विलक्षण गुंतागुंतीचे होते. एका बाजूने नांगर बांधाला लागतो, दुसऱ्या बाजूची बाई आडवी येते, कोणीतरी ढकलते, मग दोन्हीकडची भावकी काठ्या आणि कुऱ्हाडी घेऊन धावते आणि संध्याकाळी एकाच ठाण्यात परस्परांविरुद्ध दोन गुन्हे नोंदले जातात. दोन्ही बाजू लढण्याच्या तयारीनेच आल्या होत्या असे दिसले, तर न्यायालय त्याला खुली मारामारी मानते आणि प्रत्येकाला त्याने स्वतः केलेल्या कृत्याबद्दल जबाबदार धरते. म्हणून बांधावर मोजणी होणार असेल किंवा वाद पेटण्याची चिन्हे असतील, तर मोजणीला पोलीस बंदोबस्त मागावा, मोबाइलवर चित्रण करणारा एक माणूस लांब उभा ठेवावा आणि हत्यार म्हणून वापरता येईल अशी कोणतीही वस्तू सोबत नेऊ नये. कोणाच्या हातात कुऱ्हाड आधीपासून होती, याला अशा खटल्यात फार मोठे महत्त्व येते.

तिसरा प्रश्न: किती बळ?

आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, हे कलम ३७ मधील तत्त्व सर्व प्रसंगांना लागू आहे. हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो, असे सात प्रकार कलम ३८ ने दिले आहेत: मृत्यूची वाजवी भीती, गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने हल्ला, अनैसर्गिक वासना पूर्ण करण्याच्या हेतूने हल्ला, अपहरणाच्या हेतूने हल्ला, सुटकेसाठी सरकारी यंत्रणेकडे धाव घेता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठीचा हल्ला, आणि ॲसिड फेकणे, पाजणे किंवा तसा प्रयत्न. या सातांबाहेरच्या हल्ल्यात मृत्यूखेरीज अन्य इजा करून बचाव करता येतो. ते कलम ३९ मध्ये आहे.

‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय, हे जाणून घेणे येथे उपयोगाचे आहे. कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, जिवाला धोका होईल किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होतील अथवा नेहमीची कामे करता येणार नाहीत अशी इजा, यांचा समावेश होतो. चापट, ढकलाढकली, कॉलर धरणे हे यात बसत नाही. कॉलर धरणाऱ्याचा हात झटकून बाजूला होणे योग्य, त्याच्या डोक्यात दगड घालणे हे मर्यादेचे उघड उल्लंघन.

मोजमाप करताना हत्यार, हल्लेखोरांची संख्या, वय, अंगकाठी, जागा आणि वेळ हे सर्व एकत्र पाहिले जाते. तीन धडधाकट पुरुषांनी रात्री रेल्वे रुळांजवळ गाठलेल्या एकट्या स्त्रीने हाती लागलेली वीट मारली, तर हल्लेखोरांच्या हातात काही नव्हते एवढ्यावरून तिचा बचाव कोसळत नाही. जिवाच्या भीतीत सापडलेल्या माणसाने प्रत्येक फटका सोन्याच्या तराजूत तोलून मारावा अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आणि धोका समोर असताना पळून जाण्याची सक्ती कोणावर नाही, हेही त्यात नमूद केले. सक्ती नसली, तरी पळता येत असेल तर पळावे, असे मी आग्रहाने सांगेन. पळालेल्या माणसावर खटला चालत नाही आणि त्याला टाकेही पडत नाहीत.

हल्लेखोर दारूच्या नशेत असला, मनोरुग्ण असला किंवा अल्पवयीन असला, तरी कलम ३६ नुसार हक्क तेवढाच राहतो. दुसऱ्याच्या बचावासाठीही तो वापरता येतो. संरक्षण ज्याचे करायचे तो नात्यातलाच असावा लागत नाही. मात्र सरकारी कर्मचारी आपल्या पदाच्या अधिकारात सद्‌भावनेने काम करत असेल, उदाहरणार्थ महापालिकेचे पथक अतिक्रमण काढत असेल, तर त्याची कारवाई काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी त्याच्याविरुद्ध हा हक्क मिळत नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तेवढाच काय तो अपवाद.

चौथा प्रश्न: धोका संपला का?

धोक्याची भीती असेपर्यंत हक्क असतो, ती संपली की हक्कही संपतो. कायद्याचे हे वाक्य लहान आहे, पण अंगातली उसळी त्याच क्षणी उतरत नाही. हृदय धडधडत असते, हात थरथरत असतात, अपमानाची आग तर असतेच. अशा अवस्थेतला माणूस दोन-चार फटके सहज जास्त मारतो. म्हणून धोका संपल्याची दिसणारी चिन्हे आधीच मनाशी पक्की करून ठेवावीत. हल्लेखोराची पाठ दिसली, तो जमिनीवर पडला आणि उठण्याचा प्रयत्न करत नाही, त्याचे हत्यार त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर गेले, लोकांनी त्याला धरले, अथवा त्याच्या आणि आपल्या मध्ये बंद दार आले, यांपैकी एकही गोष्ट घडली की हात खाली यायला हवा. मात्र पडलेला माणूस कमरेकडे हात नेत असेल किंवा त्याचे साथीदार अजून पुढे येत असतील, तर धोका संपलेला नसतो.

चोर पकडल्यावर त्याला विजेच्या खांबाला बांधून गल्लीने हात साफ करून घेण्याचा प्रकार याच ठिकाणी बसतो. तो बचाव नव्हे. आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडल्यास सामान्य नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येते, परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाकारण विलंब न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडणाऱ्याचे काम तेवढेच आहे. मारहाणीत तो दगावला, तर फिर्यादी असलेले घरमालक आरोपी होतात.

सद्‌भावनेने, पूर्वतयारी न करता आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू झाला, तर कलम १०१ च्या अपवादामुळे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. शिक्षा कमी होते, सुटका होत नाही.

मालमत्तेच्या बाबतीत

जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणे अथवा स्फोटकाने हानी करणे, आणि मृत्यू वा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस) किंवा गृह-अतिक्रमण, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेसाठी मृत्यू ओढवण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ देते. साध्या चोरीत तो नाही. गड्ड्याच्या यात्रेत कोणी गळ्यातले ओढून पळाला, तर पाठलाग करून माल परत मिळवता येतो, पळणाऱ्याच्या डोक्यात वीट घालता येत नाही. माझे मत विचाराल, तर चाकू दाखवून मोबाइल मागणाऱ्याला तो देऊन टाकावा; कायद्याने तेथे झुंजण्याचा हक्क दिला असला तरी तो वापरलाच पाहिजे असे नाही.

उन्हाळ्यात दारे-खिडक्या उघड्या टाकून किंवा गच्चीवर झोपण्याची आपल्याकडे सवय आहे. रात्री खालच्या घरात खुडबुड ऐकू आली, तर गच्चीचे दार आतल्या बाजूने येणाऱ्याला उघडता येणार नाही असे लावून घ्यावे, ११२ वर फोन करावा, शेजाऱ्यांना मोठ्याने हाका माराव्यात आणि चोराला पळायला वाट मोकळी ठेवावी. कोंडलेला चोर अधिक धोकादायक असतो.

उसाच्या किंवा मक्याच्या शेताभोवती उघड्या तारेतून वीज सोडण्याचा प्रकार स्वसंरक्षणात मुळीच बसत नाही. ती तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करत नाही. बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी याने आपल्या शौचालयात इतरांनी येऊ नये म्हणून उघडी वीजवाहक तार लावली होती. तिच्या स्पर्शाने एक स्त्री मरण पावली. नुसत्या आगंतुकाला मारण्याइतका मालमत्तेचा हक्क ताणता येत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली.

हातघाईवर येण्यापूर्वी आणि आल्यावर

अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. अनोळखी माणूस वाद घालत जवळ येत असेल, तर दोन हातांचे अंतर राखावे, एक पाऊल मागे व किंचित तिरके ठेवावे, दोन्ही तळहात छातीच्या उंचीवर उघडे धरावेत आणि ‘लांब थांबा, मला भांडायचं नाही’ असे सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावे. या पवित्र्यात चेहरा झाकता येतो, ढकलता येते आणि पाहणाऱ्याला तुम्ही माघार घेत होता हे स्पष्ट दिसते. पुढे साक्षीदाराच्या जबाबात हेच वाक्य येते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी सगळ्याच भाषा चालतात. समोरच्याला जी कळेल तिच्यात बोलावे.

मदत मागताना नुसते ‘वाचवा’ असे ओरडल्यास प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी जाईल. एका माणसाकडे बोट करून काम सांगावे: ‘ओ काका, निळा शर्टवाले, पोलिसांना फोन लावा!’ शेअर रिक्षात सहप्रवाशाचे वर्तन खटकले, तर घर येईपर्यंत न थांबता उजेडाच्या आणि वर्दळीच्या चौकात उतरावे. भाड्याचे दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील.

अंगाला हात लागलाच, तर सुटका हे एकमेव उद्दिष्ट ठेवावे. मनगट धरले असल्यास पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने झटक्याने हात ओढावा. मागून गळा आवळला, तर हनुवटी छातीकडे दाबून श्वासाला जागा करावी, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली खेचावा आणि टाच त्याच्या पायाच्या पंजावर आपटावी. तळहाताच्या टाचेने नाकावर मारलेला फटका मुठीपेक्षा बरा, कारण न शिकलेल्या माणसाची बोटे मुठीने मारताना मोडतात. जांघ, गुडघा, नडगी ही इतर ठिकाणे आहेत. पकड सुटताच दुसरा फटका मारण्यासाठी न थांबता पळावे. हे सगळे वाचून येत नाही. ज्यूदो, कराटे किंवा कुस्ती शिकवणाऱ्या जवळच्या वर्गात काही महिने घाम गाळावा लागतो. सुऱ्यासमोर मात्र शिकलेल्या माणसानेही संधी मिळताच पळावे.

गर्दीत प्रतिकार करताना निरपराध माणसाला इजा होऊ शकते. मृत्यूची वाजवी भीती निर्माण करणाऱ्या हल्ल्यात असा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर कलम ४४ ती जोखीम घेण्यास मुभा देते. त्याहून सौम्य प्रसंगी देत नाही.

जवळ काय बाळगावे

शिट्टी, टॉर्च आणि चार्ज असलेला मोबाइल या वस्तूंबद्दल कोणी जाब विचारत नाही. मिरपूड स्प्रे बाळगता येतो, पण तो खेळणे नव्हे: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जागेच्या वादात तो फवारणाऱ्यांवरील गुन्हा रद्द करण्यास नकार दिला, कारण त्यांच्या जिवाला तातडीचा धोका दिसत नव्हता. वाऱ्याची दिशा न पाहता फवारला, तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. चाकू बाळगू नये. घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाखेरीज नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात, आणि सण-उत्सव व निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश निघाला की काठीसुद्धा बाळगता येत नाही. शिवाय चाकू हिसकावला गेला की तो हल्लेखोराचा होतो.

प्रसंगानंतरचे पहिले तास

सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर आपणच आधी फोन करावा. गुन्हा घडला कुठल्या हद्दीत, फौजदार चावडीच्या की विजापूर नाक्याच्या, या वादात पडण्याचे कारण नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. हल्लेखोर जखमी असेल, तर १०८ ची रुग्णवाहिकाही बोलवावी. ती माणुसकी तर आहेच, शिवाय सूड उगवायचा नव्हता याचा तो पुरावाही असतो.

कपडे बदलू नयेत, रक्त धुऊ नये, हत्यार हलवू नये. सिव्हिलमध्ये किंवा अन्य रुग्णालयात जाऊन आपल्या अंगावरची प्रत्येक जखम, अगदी ओरखडासुद्धा, वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत घ्यायला लावावी. दोन दिवसांनी दाखवलेल्या वळावर कोणी विश्वास ठेवत नाही. आसपासच्या दुकानांतील सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते तातडीने ताब्यात घेण्याचा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी.

जबाबात ‘मी मारलंच नाही’ असे खोटे सांगणे ही सर्वांत घातक चूक आहे. फटका मारला हे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झाले, की मग स्वसंरक्षणाची बाजू मांडणे अवघड होऊन बसते. काय घडले, कशाची भीती वाटली आणि आपण कधी थांबलो, एवढे थोडक्यात सांगावे. तपशिलात जाण्यापूर्वी वकिलाला बोलवावे. अटक झाल्यास चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. बचाव सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असतो, पण सरकारी पक्षाप्रमाणे संशयातीत पुरावा देण्याची त्याला गरज नसते. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि कोठडीतील व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.